मिळून आला नाही

चार वाजून सव्वीस मिनिटांनी, छापखान्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, तिला पाहून एक माणूस पळाला. यात तसं विचित्र काही नव्हतं. त्या दुपारी त्या भागात ऐंशीएक माणसं पळतच होती. विचित्र होतं ते एवढंच, की खेळात पळायचं होतं तिने. तिच्या डाव्या दंडावर नारिंगी पट्टी होती आणि ती ओढून काढायला निघालेले लोक तिच्या मागे होते. पुढे कोणी पळायचं कारण नव्हतं. या माणसाच्या दंडावर पट्टी नव्हती, हातात फोन नव्हता. खांद्याला हत्यारांची कॅनव्हासची पिशवी होती, रविवार असूनही अंगात कामाचे कपडे होते. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, पिशवी पोटाशी घट्ट धरली आणि तो वळला. वळला नसता तर कदाचित तिच्या लक्षातही आलं नसतं. माणूस ओळखायला तिला चेहरा लागत नसे, पाठ पुरे. सत्तावीस वर्षं तिने पाठीच पाहिल्या होत्या. ही पाठ उंच होती आणि डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता, आणि ती कोणाची हे तिला पिशवीचा विचार करायच्या आधी कळलं. अकरा वेळा त्या माणसाच्या दाराशी जाऊन ती परत आली होती. त्याच्या नावाचा कागद नऊ महिने तिच्या बॅगेत होता आणि त्या कागदावरचा तिचा शेवटचा अहवाल उद्या, सोमवारी सकाळी अकराला, कचेरीत द्यायचा होता.

ती दिवाणी न्यायालयात बेलीफ होती. न्यायालय ज्याला बोलावतं त्याच्या हातात कागद नेऊन द्यायचा, सही घ्यायची, परत येऊन वेळ लिहायची, एवढं काम. कचेरीतले कारकून तिला साडेसाती म्हणत, तोंडावरच म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कागद देणं माझ्याकडे, कागदात काय ते माझ्याकडे नाही, हे ती पहिल्या वर्षी शिकली होती आणि नव्याने लागणाऱ्यांना शिकवत होती. नव्यांना ती आणखीही शिकवत असे. घराला कुलूप असेल तर विजेचं मीटर बघा, फिरतंय का. दारावर थाप मारली आणि आतला टीव्ही हळू झाला, तर घरात माणूस आहे. बंद झाला, तर घरात नुसतं मूल आहे. माणसाला जेवायच्या वेळी गाठा, भरल्या ताटावरून कोणी उठून पळत नाही. हे सगळं सांगताना तिचा आवाज कामाचा असे, त्यात शिकाऱ्याची फुशारकी नसे. कागद पोचला की ती जिना उतरे आणि खालच्या पायरीपर्यंत येईतो तो माणूस विसरलेली असे.

खेळात ती आली होती भाचीमुळे. भाची आणि तिच्या चार दोस्तांनी हा प्रकार सुरू केला होता: नदी, रेल्वेचे रूळ आणि दोन मोठे रस्ते यांच्यामधला शहराचा तुकडा, सहा पळणारे, ऐंशी पकडणारे, चार ते सात. दर आठ मिनिटांनी पळणाऱ्याच्या फोनवरून त्याची जागा सगळ्यांना जाते, नकाशावर एक ठिपका उमटतो आणि विझतो. वाहन वापरायचं नाही, कोणाच्या घरात शिरायचं नाही, कुलूपबंद जागेत लपायचं नाही. पट्टी गेली की खेळ संपला. एका पळणाऱ्या मुलीचा घोटा शनिवारी सायंकाळी मुरगळला आणि भाची थेट घरी येऊन बसली. "मावशी, तू नाही म्हणू नकोस. चोराच्या वाटा चोरापेक्षा तुलाच जास्त पाठ आहेत." तिने सांगून पाहिलं की आपल्याला शोधणं येतं, चुकवणं येत नाही, ती दोन वेगळी कामं आहेत, आपलं वय एकोणपन्नास आहे. भाची म्हणाली, वयाची अट नाही, सत्तरीचे एक काका पकडायला येतायत. तिचा नवरा तिथेच खुर्चीत होता. त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. तो बत्तीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत होता आणि दीड वर्षापूर्वी निवृत्त झाला होता. दिवसभर माणसं त्याला विचारत, तो सांगे. घरी आल्यावर तो कोणाची चौकशी करत नसे. हा विनोद तिने एकदा भावाच्या घरी केला होता आणि सगळे हसले होते, नवराही हसला होता.

पहिली वीस मिनिटं ती चालत होती. पळणं लक्ष वेधतं, हे कुठल्याही बेलिफाला ठाऊक असतं. ती बंद दुकानांच्या सावलीने, हातात पिशवी घेतलेल्या बाईच्या चालीने चालली, आणि पहिल्या दोन ठिपक्यांना कोणी फिरकलं नाही. मग सुतारांच्या गोदामांपाशी मागून एक शीळ आली. तिने वळून पाहिलं नाही, पण तिच्या पाठीने पाहिलं. हे तिला नवीन होतं. खांद्यांच्या मधोमध, जिथे आपला हात कधी नीट पोचत नाही, तिथली कातडी ताठ झाली आणि जणू पातळ झाली, आणि मागचे पाय किती आहेत, कुठल्या बाजूने येतायत हे त्या कातडीला कळू लागलं. खेळ आहे, हे डोक्याला माहीत होतं. पाठीला ते कोणी सांगितलं नव्हतं. ती पळाली. कित्येक वर्षांत पळाली नव्हती. गुडघे वेगवेगळ्या दोन बायकांचे असल्यासारखे चालत होते. पळताना तिच्या मनात आलं, की इतकी वर्षं आपण ज्यांच्या मागे चालत गेलो, त्या सगळ्यांच्या पाठीवर ही जागा होती. जिन्यावरून उतरताना आपला आवाज ऐकून थबकलेला तो शिंपी. स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाईक होऊन उभा राहिलेला, "मालक बाहेर गेलेत" म्हणणारा तो चष्मेवाला. तिने त्याला तेव्हा फक्त एवढंच म्हटलं होतं, की चष्मा छान बसलाय तुम्हाला, आणि कागद पुढे केला होता. कचेरीत ही गोष्ट खूप चालली. आता चष्मेवाल्याची मान आठवली, कॉलरच्या वर लाल झालेली.

आणि अशात, गल्लीच्या तोंडाशी, तो लिफ्टवाला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर होता. आज या इमारतीत, उद्या त्या, नेमकी जागा नाही. एकदाच त्यांची नजरानजर झाली होती. तिच्या तिसऱ्या खेपेला तो काहीतरी विसरलं म्हणून कामावरून घरी परतत असावा, जिन्याच्या वळणावर ती वरून उतरत होती, तो खालून चढत होता. बॅग पाहून तो जागीच वळला आणि उतरून गेला. ती त्याच्या मागे गेली नव्हती. का गेली नव्हती, याचं कारण तिने स्वतःला दिलं होतं, की पायरी ओली होती. आज मात्र ती गेली. ठरवून नव्हे. पाठ पळते आहे म्हटल्यावर पाय आपोआप निघाले, आणि अर्ध्या गल्लीत तिच्या ध्यानात आलं की आपल्या मागे चारपाच जण पळतायत, आपण एकाच्या मागे पळतोय, आणि तो एकटा काय ते खरं पळतोय.

गल्लीच्या टोकाला पाच मजल्यांचं व्यापारी संकुल होतं. रविवारमुळे खालची दुकानं बंद होती, वरच्या दोन मजल्यांवर शिकवण्या चालू होत्या. तो जिन्याने वर गेला. ती कठडा धरून चढली. चौथ्या मजल्यावर एका वर्गातून पाढे म्हटल्यासारखा एकसुरी आवाज येत होता, दाराबाहेर पंचवीस जोड चपला होत्या. पाचव्यावर छाती फुटेल असं वाटलं. तिथून गच्चीला लोखंडी शिडी होती आणि शिडीच्या वर, गच्चीच्या कोपऱ्यात, लिफ्टच्या यंत्राची पत्र्याच्या दाराची खोली. दार अर्धवट उघडं होतं. तो आत उभा होता, एक हात दारावर, आणि तिच्याइतक्याच धापा टाकत होता.  मग ती म्हणाली, "कागद नाहीये माझ्याकडे. रविवार आहे."

"मग मागं कशाला आलात?"

"माझ्या मागं लोक आहेत."

त्याने तिच्या दंडावरची पट्टी पाहिली, मग तिच्या खांद्यावरून शिडीकडे पाहिलं. तिने एका वाक्यात सांगितलं की हा खेळ आहे, सातपर्यंत ही पट्टी राखायची. तो हसला नाही. लिफ्ट बिघडल्याचा फोन आल्यावर कुठला मजला ते विचारावं, तसं त्याने विचारलं, किती जण आहेत. चारपाच, ती म्हणाली, पण ठिपका उमटला की वाढतील. तो बाजूला झाला. ती आत गेली आणि त्याने आतून कडी घातली. कुलूपबंद जागेत लपायचं नाही असा नियम होता. कडी म्हणजे कुलूप नव्हे, असं तिने मनाशी म्हटलं, आणि नियमाचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावला, हे त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं. समोरच्याने असा अर्थ लावला की ती आतापर्यंत नुसती थांबत असे. तो आपोआप गप्प होई.

खोली उबदार होती, वंगणाचा वास होता. मधोमध लोखंडी बैठकीवर मोटर, तिच्या पोटाशी मोठं खाचांचं चाक, आणि त्या खाचांतून पाच जाड तारेचे दोर जमिनीतल्या भोकातून खाली अंधारात गेलेले. त्याने पालथी बादली तिच्याकडे सरकवली आणि स्वतः उकिडवा बसला. मोटर अचानक फिरू लागली तशी ती दचकली. त्याने हात वर केला, थांबा असा. दोर सरकत होते. त्यांच्यावर ठरावीक अंतराने पिवळ्या रंगाचे पट्टे ओढलेले होते, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. दोन पट्टे चाकापाशी येऊन थांबले. "दुसरा मजला," तो म्हणाला. मग पुन्हा मोटर. "चौथा. हे तुमच्या मागचेच. शिकवणीची पोरं मधे थांबत नाहीत, थेट खाली जातात." तिने फोन पाहिला, चार तेहतीस. ठिपका नुकताच विझला होता. इमारत त्यांना कळली होती, मजला कळत नव्हता. खाली लोक तिला शोधत होते, आणि त्यांचं वर जाणं, खाली येणं, चुकणं, परत चढणं, सगळं या दोरांवर पिवळ्या खुणांनी तिच्यापुढून सरकत होतं. ही खूण कोण करतं, असं तिने विचारलं. मीच, तो म्हणाला. लिफ्ट मजल्यांमधे अडकली तर हाताने चाक फिरवून मजल्यावर आणावी लागते, इथून खालचं दिसत नाही, खुणेवरून कळतं की माणसं दाराशी आली. कधी कधी त्याला तासभर लागतो. आत अडकलेला माणूस ओरडत असतो, ते इथे ऐकू येत नाही. नुसती खूण.

पाच वाजेपर्यंत ते फारसं बोलले नाहीत. दर आठ मिनिटांनी ठिपका उमटे आणि मोटर काही काळ वेड्यासारखी खालीवर होई. तिला त्याचा चेहरा पहिल्यांदाच नीट पाहायला मिळत होता. दाढी दोन दिवसांची, कानाच्या पाळीला वंगणाचा ठिपका. नऊ महिने ज्याची फक्त पाठ मनात होती त्याला समोरून पाहणं जरा अवघड वाटत होतं. त्याला तसंच वाटत असावं, कारण तो दोरांकडे पाहूनच बोलला. त्याने विचारलं, काय लिहिलंय त्यात.

याचं उत्तर ठरलेलं होतं: कागद घ्या, म्हणजे कळेल. हे वाक्य तिच्या ओठांवर आलंही. पण कागद बॅगेत, बॅग घरी, आणि तो विचारत होता. शिवाय त्याने तिला लपवलं होतं. शिवाय, आणि हे तिला कोणालाच सांगता आलं नसतं, तिला तो कागद पाठ होता. समन्सला अर्जाची नक्कल जोडलेली असते. ती वाचायची नाही असा लिखित नियम नाही, पण ती कधी वाचत नसे. वाचलं की जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत विसरता येत नाही. ही नक्कल, त्याच्या बायकोच्या घटस्फोटाच्या अर्जाची, तिने चौथ्या खेपेनंतर वाचली होती, बसथांब्यावर, बस यायला उशीर होता म्हणून. त्यानंतर ती अनेकदा वाचली होती, बस वेळेवर असतानाही. "परिच्छेद एक ते सहा," ती म्हणाली, "लग्न कधी झालं, कुठं राहता, काय करता. मारहाण नाही. दारू नाही. दुसरी बाई नाही. तसं स्पष्ट लिहिलंय, की नाही."

"मग?"

तिने दोरांकडे पाहिलं आणि कचेरीत पुकारा करताना जो सपाट आवाज लावत असे तो लावला. "परिच्छेद सात. प्रतिवादी रोज घरी येतो, जेवतो, घरात असतो. एकोणीस वर्षांत त्याने अर्जदाराला एकही गोष्ट विचारलेली नाही. आज काय झालं, हे विचारलेलं नाही. ताप आला तेव्हा किती आहे, हे विचारलेलं नाही. अर्जदार दोन दिवस बहिणीकडे राहून आली तेव्हा का गेलीस, हे विचारलेलं नाही. अर्जदाराला आता आपण बोललो तर आपलाच आवाज ओळखू येत नाही."

मोटर थांबलेली होती. त्याने म्हटलं, "एवढंच?" आणि ती म्हणाली, एवढंच. त्याला वाटलं होतं कागदात शिव्या असतील. वकिलाने पढवलेली खोटी कलमं असतील, ती वाचल्यावर आपल्याला राग येईल आणि मग काही उरणार नाही. कागद हातात नाही तोवर तो नवराच होता, असं तो म्हणाला, आणि मग जरा विचार करून म्हणाला, की मला वाटायचं विचारणं म्हणजे संशय घेणं. माझा बाप विचारायचा. कुठं होतीस, कोणाशी बोललीस. आई उत्तरं द्यायची. मी ठरवलं होतं की बायकोला असं कधी उत्तर द्यायला लावायचं नाही. हे तो तिला समजावून सांगत नव्हता. एखादं जुनं यंत्र उघडून, कुठला भाग कुठे बसवला होता ते आठवत असल्यासारखा बोलत होता.

तिला परिच्छेद सात कशामुळे पाठ झाला, हे तिने त्याला सांगितलं नाही. बसथांब्यावर पहिल्यांदा वाचला तेव्हा तिला वाटलं होतं, हे माझंच कोणीतरी लिहिलं आहे, आणि आतून एक गरम, जवळजवळ आनंदाची लाट आली होती: बघा, हे गुन्ह्यासारखं कागदावर येऊ शकतं, याला परिच्छेद क्रमांक मिळू शकतो. त्या संध्याकाळी ती घरी जाऊन नवऱ्यासमोर बसली आणि त्याच्याकडे आरोपीकडे पाहावं तसं पाहत राहिली. तो जेवला, ताट उचललं, धुतलं. काही आठवड्यांनी वाचताना तोच परिच्छेद उलटा झाला. नवरा निवृत्त झाला त्या दिवशी घरी येऊन तो संध्याकाळभर खिडकीत उभा होता. शेवटचा दिवस कसा गेला, शेवटचं कोणी काय विचारलं, हे तिने विचारलं नव्हतं. ती दमलेली होती, तिला त्या दिवशी तीन कागद द्यायचे होते. तेव्हापासून तिला कळेनासं झालं की या अर्जात आपली सही कुठे बसते, वरच्या नावाखाली की खालच्या. कागद बॅगेत असेतो ते ठरवायची घाई नव्हती.

तो म्हणाला, "एक विचारू? तुम्ही अकराच्या अकरा वेळा सकाळी अकरा वाजता का आलात?"

तिने मान वर केली.

"मी सातला घर सोडतो. रात्री आठला येतो. अख्ख्या इमारतीला माहिती आहे. शेजारच्या बाई म्हणाल्या, ही नोकरी करायला येते की नोकरी टाळायला?" त्याने कपाळ मनगटाने पुसलं. "मला वाटलं, तुम्ही मला सांभाळून घेताय. कामावर लोकांना सांगायचो मी, न्यायालयात एक बाई आहेत, भल्या आहेत."

मोटर सुरू झाली, एक खूण गेली, दुसरी गेली, पण तिने मजला मोजला नाही. तिच्या हाताखाली शिकलेलं कोणीही, पहिल्या महिन्यातलं, अशी चूक करणार नव्हतं. कारागिराच्या घरी सकाळी अकराला जायचं आणि परत येऊन लिहायचं: सदर इसम राहत्या पत्त्यावर मिळून आला नाही. शब्द न् शब्द खरा. दिनांक खरा, वेळ खरी. अकरा अहवाल, एकातही खोटं नाही, आणि सगळे मिळून एक धडधडीत खोटं. तिने आठवून पाहिलं की अकरा ही वेळ तिने केव्हा ठरवली. पहिल्या तीन खेपा रस्त्यात होत्या म्हणून, दुसऱ्या कामांच्या जोडीने, तेव्हा मनात काही नव्हतं. चौथ्यापासून तीच वेळ राहिली, कारण तीच वेळ होती. निदान तिने स्वतःला तसंच लिहून दिलं होतं.

आणि दर तारखेला त्याची आता वेगळी राहणारी बायको न्यायालयातल्या बाकावर बसलेली असे. ठेंगणी, नेटकी, शाळेच्या ग्रंथालयात काम करणारी, मांडीवर पाण्याची बाटली उभी धरलेली. भांडत नसे. "आज मिळाले का हो?" एवढंच विचारी, आणि बेलीफ मान हलवी. उद्याचा अहवालही तसाच गेला तर न्यायाधीशसाहेब कागद दारावर डकवायला सांगणार, मग वर्तमानपत्रात जाहिरात, मग एकतर्फी निकाल. बायकोला सुटका मिळेल, पण ती रिकाम्या खुर्चीपासून मिळेल. मागच्या तारखेला ती उठता उठता म्हणाली होती, निकाल काय, लागेलच. पण एकदा समोर उभा राहून काहीतरी म्हणू दे त्याला, नाही म्हणू दे, पण म्हणू दे. बेलिफाने तिला पुढची तारीख सांगितली होती आणि आपल्या टेबलाकडे गेली होती. तिचं समोरासमोर होणं नऊ महिने कोणी अडवलं होतं, हे त्या बाईला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं नवऱ्याने.

"मी भली नाही," ती म्हणाली. "मी कामचुकारपणा केला. उद्या शेवटचा अहवाल आहे. उद्या तुम्ही सापडला नाहीत तर तुमच्याशिवाय निकाल लागेल, आणि परिच्छेद सात खरा धरला जाईल."

"खराच आहे तो."

"मग तसं तुम्ही म्हणा. तिच्यासमोर."

तो उठला, मोटरपाशी गेला, एक बोल्ट घट्ट असताना पुन्हा घट्ट केला. त्याने उलट विचारलं असतं, की मी तुम्हाला लपवलं, तुम्ही मला लपवणार नाही का, तर ती काय बोलली असती हे तिला सांगता आलं नसतं. तो तसं म्हणाला नाही. ते त्याला सुचलंच नसावं. शिडीवर पावलं वाजली. जड, सावकाश, दर दोन पायऱ्यांना थांबणारी. पकडणाऱ्यांपैकी कोणालातरी अखेर गच्ची सुचली होती. लिफ्टवाल्याने कडीवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं. ही कडी आतून उघडत नाही, असं तो बाहेरच्याला सांगू शकत होता, आणि बाहेरचा परत गेला असता. अजून दीड तास होता. ती बादलीवरून उठली. "सकाळी सातला निघता म्हणालात," ती म्हणाली. "मी पावणेसातला दाराशी असेन." त्याने कडी काढली.

बाहेर एक अवाढव्य गृहस्थ शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसला होता, तोंड लालबुंद. तिला पाहून त्याला इतकं आश्चर्य वाटलं की तो हात पुढे करायचंच विसरला. मग त्याने खिशाला हात पुसून, अगदी हळूच, तिच्या दंडावरची पट्टी सोडवली. "सॉरी हं काकू," तो म्हणाला. "मी आयुष्यात पहिल्यांदाच कोणालातरी पकडलंय." तिने त्याला पाणी पिऊन घ्यायला सांगितलं. खाली भाची तिच्यावर उखडली होती. दीड तास कोणाला सापडली नाहीस मावशी, आणि मग दार काय उघडतेस, तू तर जिंकली असतीस. ती म्हणाली, जागा कुलूपबंद होती की नाही यावर वाद झाला असता. हे खरं होतं, आणि त्या अकरा अहवालांसारखंच खरं होतं.

घरी नवऱ्याने दार उघडलं. तिचे केस, धुळीने माखलेला, फाटलेला सलवारीचा काठ, त्याने पाहिलं. पाहून पाणी तापायला ठेवलं. ती मोरीपाशी पाय धूत उभी राहिली आणि वाट पाहत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की तो दुपारभर कुठे होता, त्याच्या चपलांना चिखल कसा, हे आपणही विचारलेलं नाही. आणि तो कदाचित स्वयंपाकघरात तसाच वाट पाहत उभा आहे. तिने तोंड उघडलं. प्रश्न साधा होता, चार शब्दांचा. पण इतक्या वर्षांनी तो चौकशीसारखा ऐकू येईल, झडतीसारखा, असं वाटलं, आणि तिने नळ बंद केला. नवरा झोपायला गेला. तिने घड्याळाला पावणेसहाचा गजर लावला आणि बॅग दाराशी काढून ठेवली.

सकाळी तो गजराआधी उठलेला होता, बाथरूममध्ये होता. ती न सांगता निघाली. पहिली बस, मग सात मिनिटं पायी. इमारतीच्या फाटकाशी ती थांबली आणि वर पाहिलं नाही. दिवा दिसला नाही तर जिना चढवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. जिना चढताना तिला आपले पाय ऐकू येत होते आणि ते ज्याला ऐकू जात असतील त्याच्या पाठीवर ती जागा कशी ताठ होत असेल, तेही कळत होतं. तिसऱ्या मजल्यावर तिने थाप मारायला हात उचलला. दार त्याआधीच उघडलं. तो कामाच्या कपड्यांत होता, दाढी केलेली, पिशवी खांद्याला. सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटं. तिने त्याचं पूर्ण नाव उच्चारलं, कारण तसं उच्चारावं लागतं, आणि तो हो म्हणाला. त्याने दाराच्या चौकटीवर कागद टेकवून सही केली. नक्कल चाळली, सातव्या परिच्छेदाशी बोट ठेवलं, तो तिथे आहे एवढं पाहिलं आणि घडी करून वरच्या खिशात ठेवली. तिने वेळ लिहिली. काम झालं होतं. इथून पुढे फक्त जिना होता.

"तारखेला ती येते ना?" त्याने विचारलं.

"दर तारखेला येते."

"मी तिला विचारेन म्हणतो. काहीतरी. पण काय विचारायचं असतं, तेच कळत नाही. काल रात्रभर शोधलं."

बेलिफाने उंबरा ओलांडायचा नसतो. आत गेलं की पाणी येतं, बसायला खुर्ची येते, आणि बसलेल्या माणसाच्या हातून कागद कोणी घेत नाही. पण कागद त्याच्या खिशात गेला होता. तिने बॅग खांद्यावरून उतरवली, आत आली आणि भिंतीशी असलेल्या खुर्चीवर बसली. "मला विचारून बघा," ती म्हणाली. "कुठूनही सुरू करा."

तो दाराशी पिशवीसह उभा राहिला. सात वाजत आले होते. खाली कोणीतरी दुचाकी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.  मग तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या सकाळी निघालात. घरी काय सांगून आलात?"

 उत्तर एका शब्दाचं होतं, आणि त्याच्या मागे आणखी बरंच होतं. त्याने खांद्यावरची पिशवी जमिनीवर ठेवली आणि थांबून राहिला.